मालकीची सनद आणि चित्राची प्रत

लोकांनी ज्याला डोक्यावर घेतले त्याला विद्वज्जनांनी उंबरठ्याबाहेर ठेवावे, हा कलाव्यवहारातील जुनाच शिरस्ता आहे. परंतु जॅक व्हेट्रियानो या २०२५ साली दिवंगत झालेल्या स्कॉटिश चित्रकाराच्या बाबतीत त्याचा अंमल ज्या कसोशीने झाला, तितका क्वचितच झाला असेल. चित्रकलेचे विधिवत शिक्षण न घेतलेल्या आणि तरुणपणी फाइफमध्ये खाणकामाची उमेदवारी केलेल्या या गृहस्थाने १९९२ साली 'द सिंगिंग बटलर' रंगवले. ओल्या वाळूवर नाचणारे जोडपे, स्त्रीच्या अंगावर लालभडक झगा, आणि दोन्ही बाजूंना वाऱ्यात छत्र्या सावरीत उभे राहिलेले खानसामा व दासी, एवढाच त्याचा ऐवज. रॉयल अकादमीच्या उन्हाळी प्रदर्शनाने ते नामंजूर केले. त्याच्या छापील प्रती मात्र ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचल्या, आणि २००४ साली मूळ चित्र लिलावात ७,४४,८०० पौंडांना गेले.

त्यातील आकृत्या चित्रकारांसाठी असलेल्या एका संदर्भपुस्तकातून उचललेल्या आहेत, हे पुढे उघडकीस आले तेव्हा टीकाकारांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. त्यांचा आक्षेप निराधार होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्याने त्या चित्राची छापील प्रत विकत घेऊन पलंगाच्या डोक्याशी लावली, त्याने मौलिकतेचा निवाडा करण्यासाठी पैसे मोजलेच नव्हते. पाऊस येवो वा न येवो, नाच थांबू नये, ही त्याची स्वतःची इच्छा त्याला तेथे दिसत होती, आणि ती दररोज दिसावी एवढ्यासाठीच त्याने ती किंमत दिली होती.

ही रोजची संगत सर्वांस मिळावी, या हेतूने ब्रिटनमध्ये गंभीर प्रयत्नही झाले आहेत. महायुद्ध नुकतेच संपले असता, १९४६ साली, ब्रेंडा रॉन्सली यांनी समकालीन चित्रकारांकडून शिळाछापाची चित्रे करवून घेऊन ती शाळांना अल्प दरात पुरविण्याची योजना आखली. चौकटीचा खर्च वाचावा म्हणून चौकटसुद्धा चित्राबरोबर कागदावरच छापलेली असे. चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी १९८७ साली आपल्या जन्मगावच्या वृत्तपत्राच्या छपाईयंत्रासाठीच 'अ बाउन्स फॉर ब्रॅडफर्ड' हे चित्र रचले, आणि त्या अंकाबरोबर त्याच्या १०,००० प्रती वाचकांच्या हाती पडल्या. तेथे कोणती प्रत अस्सल आणि कोणती नक्कल, हा तंटाच संपुष्टात आला.

परंतु बाजाराला असा निकाल मानवत नाही. यंत्र हवे तितके छापू शकते, म्हणून त्याला मुद्दाम थांबवावे लागते. समासाच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने '१२/१५०' असा अपूर्णांक लिहावा लागतो, आणि उजवीकडे चित्रकाराची सही घ्यावी लागते. मग ती प्रत वतनाच्या सनदेसारखी होते: मजकुरापेक्षा तिच्यावरील मोहोर महत्त्वाची. भित्तिचित्रकार बँक्सीच्या 'गर्ल विथ बलून'च्या २००४ साली १५० प्रती सहीसह आणि ६०० सहीविना निघाल्या. मुलगी तीच, तिच्या हातून निसटलेला तांबडा फुगाही तोच, पण सहीच्या प्रतीचे मोल आज बिनसहीच्या प्रतीहून कितीतरी अधिक आहे. भिंतींवर फुकट चित्रे काढून मालमत्तेच्या कल्पनेची टर उडविणाऱ्याच्या कृतीवरही अशी दुर्मीळतेची जमाबंदी व्हावी, यात त्या चित्रकारापेक्षा खरेदीदाराच्या मनाचीच अधिक ओळख पटते.

चित्रकाराला पोट आहे, आणि मर्यादित प्रतींच्या विक्रीवर पुष्कळ होतकरू कलावंतांची गुजराण चालते, हे मान्यच केले पाहिजे. आक्षेप आहे तो खरेदीच्या हेतूविषयी. अल्पमोली प्रतीने सामान्य मनुष्यास जो खरा अधिकार दिला, तो आपल्या आवडीचा निवाडा आपणच करण्याचा. पुढेमागे भाव वधारेल या आशेने तो प्रत घेऊ लागला की हा अधिकार त्याने आपण होऊन लिलावगृहाच्या हवाली केला म्हणून समजावे. घेणाऱ्याने क्रमांकाची चौकशी खुशाल करावी, परंतु हे चित्र दहा वर्षे रोज पाहवेल काय, हे आधी स्वतःस विचारावे. कारण त्याचे उत्तर कोणत्याही अकादमीच्या दप्तरी नोंदलेले नाही.