घर कोणाच्या स्वाधीन?

आपले श्रम यंत्रावर सोंपवावे, ही मनुष्याची इच्छा आजकालची नाहीं. मागाचा धोटा आपोआप चालूं लागला तर धन्यास दासांची गरज उरणार नाहीं, असा विचार आरिस्टॉटलनें आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथांत मांडला आहे. आणि वेदीवर अग्नि प्रज्वलित होतांच देवळाचीं दारें आपोआप उघडावीं, अशी योजना अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें इ. स. च्या १ ल्या शतकांत वर्णिली आहे. तेव्हां शब्द उच्चारतांच दिवा लागावा असें आज कोणास वाटलें, तर त्यांत हंसण्याजोगें कांहींच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ज्या घरांत भिंतीवरचें बटण दोन पावलांवर आहे, तेथें ह्या सोयीसाठीं आपण काय देऊं करतों?

माझ्याच घरची गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं मीं हौसेनें सारे दिवे फोनच्या आज्ञेंत आणले. असा दिवा आज्ञा ऐकण्यास सदैव जागा राहावा लागतो. म्हणून भिंतीवरचीं बटणें कोणी बंद करूं नयेत, अशी त्यांवर चिकटपट्टी लावली आणि माझ्या ८२ वर्षांच्या आईलाहि तसें बजावलें. पावसाळ्यांत एका रात्रीं इंटरनेट बंद पडलें. घरांत वीज होती, दिवे शाबूत होते. पण तिच्या हांकेला कोणताच दिवा ओ देईना. माझी झोप मोडूं नये म्हणून तिनें मला उठविलें नाहीं, आणि बटणास हात लावण्याची मनाई म्हणून तेंहि केलें नाहीं. ती पहाटेपर्यंत पलंगावर बसून राहिली. सकाळीं एवढेंच म्हणाली, "अरे, माझ्या घरांत दिवा लावायला तुझी परवानगी लागेल, असं कधीं वाटलं नव्हतं."

दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. पण तो दोष ह्या व्यवस्थेंत सहज घडणारा आहे. अशा घराची किल्ली पुष्कळदां घराबाहेर असते. रिव्हॉल्व्ह नांवाचें घरगुती उपकरण बनविणारी कंपनी नेस्टनें विकत घेतली, आणि १५ मे २०१६ पासून त्याची सेवा बंद केली. पैसे देऊन घेतलेली वस्तु घेणाऱ्याच्या घरांत होती तेथेंच निर्जीव झाली. मालकी आपली आणि सत्ता दुसऱ्याची, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

ह्याच्या शेजारीं साधीं साधनें ठेवून पाहावीं. टाकी भरतांच पाणी थांबविणारा तरंगता गोळा, इस्त्री तापतांच वांकून वीज तोडणारी दोन धातूंची पट्टी, जिन्याच्या दोन्ही टोकांशीं असलेलीं एकाच दिव्याचीं बटणें, हीं निमूटपणें आपलें काम करतात. गोळा आणि पट्टी तर पूर्ण स्वयंचलितच. परंतु त्यांना दूरदेशच्या कोणाची अनुमति लागत नाहीं, आणि बिघडल्यास गल्लींतला कारागीर तीं दुरुस्त करतो.

येथें एक बळकट आक्षेप आहे, आणि तो टाळतां येत नाहीं. अर्धांगवायूनें ज्याचे हातपाय लुळे पडले, त्याच्यापासून तेंच बटण दोन पावलांवर नाहीं. तें दुसऱ्याच्या मर्जीइतकें दूर आहे. त्याला आवाजानें लागणारा दिवा ही चैन नव्हे, तर स्वातंत्र्य होय. हें मला सर्वस्वीं मान्य आहे. किंबहुना माझी कसोटी त्यावरच उभी आहे. त्या रुग्णाला जें यंत्र मोकळें करतें, त्याच यंत्रानें माझ्या आईला पराधीन केलें. म्हणजे गुण किंवा दोष यंत्राच्या ठायीं नसून, घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाची सत्ता त्यानें वाढते कीं घटते, ह्या प्रश्नांत आहे. घर सजविणारा बहुधा स्वतःची सोय पाहतो. पण घर म्हणजे एकट्या त्याच्या सोयीचें नांव नव्हे.

मीं चिकटपट्ट्या काढल्या, जुने दिवे परत बसविले आणि आईच्या उशाशीं एक साधें बटण लावून घेतलें. पाण्याच्या टाकींतला गोळा मात्र आहे तसाच आहे. रात्रीं कधीं जाग आली, तर तिच्या खोलींत टक् असा आवाज होतो आणि दाराखालून उजेड दिसतो. त्या आवाजानें माझी झोप मोडते खरी. पण त्याबद्दल माझी तक्रार नाहीं.