राख किती घालायची?

कडूकंद या रानकंदाचा काप जिभेवर ठेवला तेव्हा आधी काहीच जाणवलं नाही. मग घशाच्या मुळाशी कडवट खवखव सुरू झाली. समोर बसलेल्या आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपली पुन्हा उचलली. काप आणखी एक रात्र ओहोळात राहायला हवे होते.

पेठ तालुक्यातला हा पाडा. नाशिकहून सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून गेलं की मुख्य रस्ता सोडायचा आणि पायवाट धरायची. जाताना मी कडूकंदाची कृती वहीत उतरवून नेली होती. कंद सोलून पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, धुऊन बांबूच्या टोपलीत भरायचे, टोपली रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायची, कडूपणा उतरला की मीठ लावून खायचे. कृतीत चूक एकही नव्हती. पण राख किती, असं विचारलं तेव्हा आजींनी नुसती मूठ पुढे केली. राख कोणत्या लाकडाची, कंद कोवळा की जून, ओहोळाला ओढ किती, यावर ती मूठ लहान-मोठी होते. हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून काप करताना कळलं, तेही थोडंसंच.

नीट न शिजवलेला कडूकंद पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. तरीही भाताच्या आवणीच्या दिवसांत कणगीतले दाणे संपले की याच कंदाने कित्येक घरांना तगवलं आहे. राखेतला क्षार आणि वाहतं पाणी मिळून त्याचं विष उतरवतात, हे पहिल्यांदा ज्यांनी शोधलं त्यांना त्याआधी किती उलट्या झाल्या असतील? किती जणांनी भुकेपोटी धोका पत्करला असेल? त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांचं शहाणपण त्या मुठीत आहे.

शेवळांचंही तसंच. पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब तसेच शिजवले तर घसा धरतात, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळं घालतात. खाज आणि खाजेवरचा उतारा रानात एकाच हंगामात येतात. पण काकडाचं झाड कोणत्या उतारावर आहे, हे त्या उतारावर चालल्याशिवाय समजत नाही.

आम्ही नाशिककर मुलांना पंचवटीत नेतो, लक्ष्मणाने बांधलेल्या पर्णकुटीची गोष्ट सांगतो. पानं कशी गुंफली म्हणजे पाऊस आत येत नाही, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच येत नाही. पाड्यावर भिंतीला टेकून ठेवलेलं इरलं मी उलटसुलट करून पाहिलं. बांबूच्या दोन जाळ्यांमध्ये पानं दाबून बसवलेली. ते डोक्यावर घेऊन आवणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीने हे कधी जमलेलं नाही.

2018 च्या मार्चमध्ये पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची हजारो माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेली. कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे नावावर व्हावेत, ही त्यांची एक मोठी मागणी होती. त्यांच्या पायांना आलेले फोड सगळ्यांनी पाहिले. ज्या जमिनीसाठी ते चालले, त्या जमिनीवर हे कंद, ही झाडं, हे ओहोळ आहेत. ती हातची गेली तर हे सगळं पुढच्या पिढीला शिकवायचं कुठे? ओहोळाशिवाय कडूकंदाची कृती निव्वळ चार ओळींचा मजकूर आहे. मला हे फार लागतं. कारण आजींची नातवंडं आश्रमशाळेत आहेत, सुट्टीत घरी येतात, आणि कंदाचा हंगाम नेमका शाळेच्या दिवसांत असतो.

रानात कसं राहायचं, हे शिकवणारी शिबिरं आता निघतात. तिथे जरूर जावं. पण नाशिकजवळ राहणाऱ्याने आधी एखाद्या पाड्यावर ओळख काढून, विचारून जावं. सोबत तांदूळ-डाळ न्यावी, चार दिवस राहावं, पाणी भरावं, लाकडं फोडावीत आणि शिकवणाऱ्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी. अनोळखी कंद किंवा पान स्वतःच्या मनाने तोंडात घालू नये. आजींनी हो म्हटल्यावरच खावं.