जिथे सूर्य मावळत नाही, तिथे सायंकाळचा हरिपाठ केव्हा?

माउली, वारकऱ्याचा दिवस सूर्याला बांधलेला असतो. पहाटे काकडा, तिन्हीसांजेला हरिपाठ. एकादशी कोणत्या दिवशी धरायची हेही सूर्योदयाची तिथी पाहूनच ठरते. आता नोकरीसाठी नॉर्वेला गेलेला माळकरी घरातला एक मुलगा विचारतो, "महाराज, इथे दोन महिने सूर्य मावळतच नाही. मग सायंकाळचा हरिपाठ केव्हा म्हणायचा?" प्रश्न थट्टेवारी नेण्याचा नाही. नेमाला आधार कशाचा, हे तो विचारतो आहे; आणि ते तुम्हांआम्हांलाही विचारलेले आहे.

आधी तिथली स्थिती पाहू. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो नावाचे शहर आहे. पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे तिथे साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य क्षितिजाखाली जात नाही. उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो वर येत नाही. दुपारच्या सुमारास काही वेळ निळसर उजेड, बाकी काळोख. मेरूवरच्या देवांना सहा महिने सूर्य दिसतो असे आपल्या सूर्यसिद्धान्तात सांगितले आहे, त्याचीच ही झलक. आणखी एक नवल पाहा. आषाढीला आपला देव निजतो, आणि बहुतेक वर्षी त्या रात्री तिथला सूर्य जागाच असतो. कार्तिकीला देव उठतो, तेव्हा तिथला सूर्य निजायच्या वाटेला लागलेला असतो.

कोणी म्हणेल, जिथे सूर्यास्तच नाही, तिथे सायंकाळचा नेम चुकला तर दोष कसला? दुसरा म्हणेल, नामाला वेळेचे बंधन नाही असे संतच सांगतात, मग केव्हाही म्हणावे. हे दुसरे बोलणे खरे आहे, पण अर्धेच. नामाला वेळ लागत नाही, मनाला लागते. 'केव्हाही म्हणू' असे म्हणणारे मन दोन दिवसांत 'उद्या म्हणू' वर येते, हे कोणी शिकवायला नको.

तिथली माणसे काय करतात ते पाहा. उन्हाळ्यात बाहेर रात्र होत नाही, म्हणून ती घरात रात्र करतात: खिडक्यांना जाड पडदे ओढून मुलांना निजवतात. हिवाळ्यात उजाडायची वाट पाहत शाळा थांबत नाही. मुले कपड्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावून अंधारातच शाळेला निघतात. त्याच देशात दक्षिणेला र्‍युकान नावाचे गाव खोल दरीत आहे. हिवाळ्याचे जवळजवळ सहा महिने डोंगर आड आल्यामुळे गावात ऊन उतरत नाही. २०१३ साली गावाने वर डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य सरकेल तसे ते वळतात आणि खाली चौकात ऊन पाडतात.

आरशाजवळ स्वतःचे तेज नाही. त्याचे काम एवढेच, की तोंड सूर्याकडे ठेवायचे. नेमाचे काम हेच आहे. सूर्योदय-सूर्यास्त या आठवण देणाऱ्या खुणा. खूण दिसेनाशी झाली, तर माणसाने आपली खूण आपण करावी. म्हणून माझे सांगणे असे: घड्याळात सातची वेळ धरावी, पडदा ओढावा, दिवा लावावा, हरिपाठ म्हणावा. एकादशी गावाकडे घरची माणसे ज्या दिवशी धरतात त्याच दिवशी धरावी.

पण माउली, असे दिवस पाहायला नॉर्वेला जावे लागत नाही. गुडघे गेले, वारी सुटली. डोळे मंदावले, पोथी मिटली. घरातले माणूस गेले की सकाळ होते, पण उजाडत नाही. त्या काळोखात उठवत नाही. आणि सुखाचे ऊन सारखे असले, दुकान चालते आहे, घर भरलेले आहे, तर बसवत नाही. हरिपाठाची वेळ कामात निघून जाते. दोन्हींकडे चूक एकच होते: बाहेर कसे आहे यावर आपण आतला नेम सोपवतो.

ज्याची वाट सुटली असेल, त्याने आजच एक वेळ ठरवावी आणि घरातल्या नातवंडाला सांगून ठेवावे, "या वेळेला मला हाक मार." मग बाहेर ऊन असो की अंधार, हाक आली की टाळ हातात घ्यावा.

रामकृष्ण हरी.