वेग आणि लगाम

आपल्या मालकीच्या वस्तूंत हवा तो फेरफार करण्याचा अधिकार मनुष्यास आहे कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां इतका सोपा दिसतो कीं, त्यासाठीं लेखणी उचलण्याचें कारणच कोणास वाटूं नये. घराच्या भिंतीस कोणता रंग द्यावा किंवा सदऱ्यास खिसे किती असावे, हें शेजाऱ्यास विचारून कोणी ठरवीत नाहीं. परंतु आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं घडलेल्या लहानशा प्रसंगानें हाच प्रश्न आमच्यापुढें निराळ्या रूपानें उभा केला, आणि त्याचा विचार करतां करतां आमचींच कांहीं जुनीं मतें आम्हांस पुन्हां तपासून पाहावीं लागलीं.

हे स्नेही मीरा रोड येथें राहतात. त्यांच्या चिरंजीवांनीं नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतील शिलकीवर एक जुनी पण सुस्थितींतली मोटार घेतली, आणि कांहीं महिन्यांतच तिचा वेग त्यांस अपुरा वाटूं लागला. भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे गाळे ओळीनें लागून आहेत. पॉलिशच्या चाकांचा आवाज तेथें दिवसभर चालूं असतो. अशाच एका गाळ्यांत शर्यतीच्या गाड्या तयार करणारे एक मिस्त्री आहेत. वर्षाकाठीं दोन किंवा तीन गाड्या, याहून अधिक काम ते घेत नाहींत. बाजारांत मिळते तशी साधी गाडी घ्यावयाची, आंतलीं आसनें व अस्तर काढून तिचें वजन उतरवावयाचें, पोलादी नळ्यांचा पिंजरा आंतून जोडावयाचा, इंजिन उकलून पुन्हां बांधावयाचें, आणि मग ती ट्रकवर चढवून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें किंवा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर शर्यतीस न्यावयाची, असा त्यांचा उद्योग. चिरंजीव त्यांच्याकडे गेले.

मिस्त्रींनीं गाडी चालवून पाहिली, खालून पाहिली, आणि खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिला. त्यांत इंजिनाच्या कामाला जेवढी रक्कम होती, तिच्याहून अधिक रक्कम ब्रेक, स्प्रिंगा आणि टायर यांसाठीं होती. चिरंजीव म्हणाले, "एवढें नको. फक्त इंजिनाचें करा, बाकीचें पुढें पाहूं." मिस्त्री म्हणाले, "मग दादा, गाडी घेऊन जा. तेवढेंच करून मी ती दाराबाहेर सोडणार नाहीं." पुढें दुसऱ्या एका ठिकाणीं इंजिनाच्या संगणकांतील आंकडे बदलून तेंच काम एका दुपारीं झालें. गाडी आज झपाट्यानें धांवते. अपघात झालेला नाहीं. ही हकीकत सांगून स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें, "दारीं आलेलें गिऱ्हाईक त्या मिस्त्रीनें घालविलें, आणि काम तर कांहीं न बिघडतां झालें. मग शहाणपण कोणाचें, तुम्हींच सांगा." त्या दिवशीं आम्हांपाशीं उत्तर तयार नव्हतें.

प्रथम चिरंजीवांची बाजू त्यांच्याहूनही चांगल्या रीतीनें मांडणें अवश्य आहे. दुसऱ्यानें केलेल्या वस्तूस हात लावावयाचा नाहीं, असा नियम माणसानें पाळला असता तर मोटारगाडीच्या इतिहासांतील कित्येक उत्तम पानें कोरींच राहिलीं असतीं. कॉलिन चॅपमन या इंग्रज तरुणानें १९४८ सालीं एक जुनी ऑस्टिन सेव्हन गाडी घेऊन तिचें रूप पालटलें. त्या खटाटोपांतून १९५२ सालीं लोटस ही संस्था उभी राहिली, आणि पुढें तिनें शर्यतीच्या जगांतील सर्वोच्च मान सात वेळां मिळविले. अमेरिकेंत कॅरोल शेल्बी यानें १९६२ सालीं ए. सी. या इंग्रज कारखान्याच्या हलक्या सांगाड्यांत फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन बसविलें, आणि कोब्रा जन्मास आली. आपल्याकडेही अलिबागेस चिंकारा मोटर्स या लहान कारखान्यानें लोटस सेव्हनच्या वळणाची दोन आसनांची उघडी गाडी थोड्या संख्येनें तयार केली, तिच्यांतलें १.८ लिटरचें इसुझू इंजिन अँबॅसडर गाडीच्या कुळांतलेंच होतें. जें इंजिन टॅक्सी ओढीत होतें, तेंच हलक्या अंगावर चढवितांच हरणासारखें धांवूं लागलें. तेव्हां फेरफार हें पाप असेल, तर तें पुष्कळ गुणी माणसांनीं केलेलें पाप आहे, असें म्हणावें लागेल.

पण या गुणी माणसांनीं नेमकें काय केलें, हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. १९५९ सालीं निघालेली मिनी ही छोटी गाडी मूळ ८४८ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर सुमारें ३४ अश्वशक्तीची होती. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहानें १९६१ सालीं तिची मिनी कूपर ही नवी आवृत्ति निघाली. इंजिन ९९७ घन सेंटिमीटरचें झालें व शक्ति ५५ वर गेली. परंतु त्याच वेळीं पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून तेथें डिस्क ब्रेक बसविण्यांत आले. हीच गाडी पुढें १९६४, १९६५ व १९६७ या सालीं माँटे कार्लोची रॅली जिंकली. जिंकलेल्या रॅलींच्या गोष्टी सर्वांच्या तोंडीं आहेत. त्या ब्रेकांची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं.

ब्रेकाचें महत्त्व सांगण्यास मोठ्या गणिताची जरूर नाहीं. गतिमान वस्तूंतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं साठ किलोमीटरच्या जागीं नव्वदांचा वेग घेतला, तर वेग दीडपट होतो, पण थांबतांना ब्रेकांना जी ऊर्जा उष्णतेच्या रूपानें पचवावी लागते ती सव्वादोनपट होते. वेग दुप्पट झाला कीं ती चौपट. वेग वाढविणारा मनुष्य आपण एकच गोष्ट वाढविली असें समजतो. प्रत्यक्षांत त्यानें दुसऱ्या एका अवयवावर न सांगतां बोजा टाकलेला असतो.

येथें आम्हांस राजा मिलिंद आणि भिक्षु नागसेन यांच्या प्रसिद्ध संवादाची आठवण होते. राजा रथांत बसून आला होता. नागसेनानें त्यास विचारलें कीं, रथ म्हणजे कोणता? दांडी म्हणजे रथ काय? आंस? चाकें? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो; आणि या सर्वांहून वेगळा असा रथ दाखवितांही येत नाहीं. हे अवयव परस्परांशीं ज्या संबंधानें बांधलेले असतात, त्या संबंधामुळेंच आपण त्यांस रथ हें नांव देतों. नागसेनास यांतून मनुष्याविषयीं सांगावयाचें होतें. पण रथाविषयीं जें तो बोलला तें मोटारीसही तंतोतंत लागूं पडतें. मोटार ही जर अवयवांच्या संबंधांत असेल, तर एक अवयव पालटतांच सारी मोटार पालटते, मग तशी आपली इच्छा असो वा नसो. म्हणून "फक्त इंजिनाचें करा" ही मागणी कंजूषपणाची होती एवढेंच नव्हे, ती अशक्य होती. फक्त इंजिनाचें असें कांहीं करतांच येत नाहीं. ज्यानें आंकडे बदलले त्यानें नवी मोटार तयार केली, आणि ती अपुऱ्या ब्रेकांची तयार केली. मिस्त्रींनीं नागसेनाचें नांव ऐकलें असेल नसेल. पण गाडी खालून पाहतांना त्यांच्या ध्यानांत हेंच आलें.

यावरून उत्तरदायित्वाचा मुद्दा आपोआप पुढें येतो. मूळ कारखानदार गाडी विकतो तेव्हां तो एक मूक वचन देतो कीं, इतका वेग, इतकें वजन आणि इतके ब्रेक यांचा मेळ आम्हीं घातलेला आहे. फेरफार करणाऱ्यानें तो मेळ मोडला कीं तें वचन संपतें. नवें वचन कोणी तरी द्यावयास हवें. तें देण्याची तयारी नसणाऱ्यानें हातोडी उचलूं नये.

वचन देणारा असला म्हणजे सर्व कांहीं सुरळीत होतें, असेंही आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील कॅनन्सबर्ग येथें डॉन येंको यानें शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर गाडीचें रूपांतर करून स्टिंगर नांवाची शर्यतीची गाडी बनविली. निदान शंभर गाड्या तयार झाल्याविना शर्यतीस मान्यता नाहीं, असा शर्यतमंडळाचा नियम होता. म्हणून १९६५ च्या अखेरीस त्याच्या दुकानांत घाईघाईनें शंभर गाड्या सिद्ध झाल्या. त्यांचें मागचें आसन काढलें होतें; इंजिनाबरोबर स्टीअरिंग आणि ब्रेक यांतही सुधारणा केल्या होत्या. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं राल्फ नेडर यांचें मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि त्याचें पहिलेंच प्रकरण कॉर्व्हेरच्या आरंभींच्या नमुन्यांवर होतें. पुढें १९७२ सालीं सरकारी चौकशींत, त्या काळच्या इतर गाड्यांहून ती अधिक धोक्याची नव्हती, असा निष्कर्ष निघाला. वाद कोणी जिंकला हा येथें प्रश्न नाहीं. एकाच गाडीविषयीं मोठ्या कंपनीस कोर्टांत, वर्तमानपत्रांत आणि सरकारापुढें जबाब द्यावा लागला, आणि लहान दुकानदारासही शंभर गाड्या शर्यतमंडळापुढें मोजून दाखवाव्या लागल्या. दोघांचींही नांवें त्यांच्या गाड्यांवर होतीं. एका दुपारीं आंकडे बदलून देणाऱ्याचें नांव मात्र चिरंजीवांच्या गाडीवर कोठेंच नाहीं.

आपल्याकडील कायदा याबाबत कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ ठामपणें सांगितला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. मान्यताप्राप्त सी. एन. जी. किट बसविण्यास मुभा आहे, याचें कारणही उघड आहे: त्या किटामागें कोणाची तरी तपासणी आणि कोणाची तरी सही असते.

आतां या कायद्यापुढें आमचे मिस्त्री सर्वथा निर्दोष ठरले असते, असें आम्ही म्हणत नाहीं. शर्यतीच्या गाड्या ते ट्रकवरून नेतात. परंतु चिरंजीवांची गाडी रस्त्यावर चालणारी होती, आणि ब्रेक बदलले तरी नोंदणीचा प्रश्न राहिलाच असता. आमचें गाऱ्हाणें वेगळें आहे. हा कायदा सावध कारागीर आणि बेफिकीर कारागीर यांस एकाच दारानें बाहेर काढतो. आणि बाहेर काढल्यावर बेफिकीर मनुष्य आपला धंदा लॅपटॉपावर निमूटपणें चालवितो, तोटा सावध मनुष्यासच होतो. जर्मनींत फेरफार केलेली गाडी तपासनिसांपुढें नेऊन तो फेरफार कागदोपत्रीं नोंदवून घेतां येतो. ब्रिटनमध्यें एकट्यादुकट्या बनविलेल्या गाडीचीही स्वतंत्र तपासणी होऊन तिला मान्यता मिळते. जो उत्तर देण्यास तयार आहे, त्याला उत्तर देण्याची जागा तेथें ठेविली आहे. तशी जागा येथेंही असावी, असें आमचें मत आहे. ती होईपर्यंत प्रामाणिक कारागिराचें स्थान शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाहीं.

या दोन जागांमधील भेद केवळ कायद्याचा नाहीं. १९७० सालीं मोंझा येथें सरावाच्या वेळीं योखेन रिंट हा लोटसची गाडी चालवीत असतां मरण पावला. त्या वर्षींचें जगज्जेतेपद त्यास मरणोत्तर मिळालें. तो आपण काय करीत आहों हें जाणून गाडींत बसला होता. ११ जून १९५५ रोजीं लमाँच्या शर्यतींत एक गाडी प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं; त्यांनीं वेग पाहण्यासाठीं तिकीट काढलें होतें, मरण्यासाठीं नव्हे, तरी निदान आपण शर्यतीच्या कडेला उभे आहों एवढें त्यांस ठाऊक होतें. काशीमीऱ्याच्या नाक्यावर महामार्ग ओलांडणाऱ्या बाईनें मात्र कशालाच संमति दिलेली नसते. तिच्या पावलांचा हिशेब मूळ कारखानदारानें केला होता. आंकडे बदलणाऱ्यानें केला नाहीं.

स्नेह्यांचा अखेरचा मुद्दा असा होता कीं, अपघात तर झालेला नाहीं. आम्हीं त्यांस म्हटलें कीं, धोका घेऊन सुटणें आणि बरोबर वागणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दार उघडें टाकून झोंपलेल्याकडे चोर आला नाहीं, म्हणून तो सावध ठरत नाहीं. हें ऐकून ते कांहीं वेळ गप्प राहिले, आणि मग सहज सांगावें तसें म्हणाले कीं, अलीकडे रात्रीं मुलाची गाडी आवारांत आल्याशिवाय त्यांस झोंप लागत नाहीं. गाडीचा आवाज आतां इतका निराळा झाला आहे कीं तो फाटकाबाहेरूनच ओळखूं येतो. तेव्हां कांहींच झालेलें नाहीं, हेंही खरें नव्हे. वाढलेल्या वेगाची किंमत कोणी तरी देतच आहे, आणि ज्यानें ती मागितली तो देत नाहीं.

कठोपनिषदांत शरीरास रथ म्हटलें आहे, इंद्रियांस घोडे, बुद्धीस सारथि आणि मनास लगाम. घोडे मुळांतच वाईट आहेत असें तेथें म्हटलेलें नाहीं. लगाम सुटलेल्या घोड्यांचें काय होतें, एवढेंच सांगितलें आहे. आम्हींही तरुणांच्या वेगवेडाची निंदा करावी असें आमच्या मनांत नाहीं. चिरंजीवांस आमचा निरोप इतकाच कीं, जे आंकडे एका दुपारीं बदलले ते एका दुपारीं पूर्ववत् करतां येतात. आणि वेगाची हौस खरी असेल, तर शिल्लक टाकून मिस्त्रींकडून शर्यतीचीच एक गाडी बांधून घ्यावी आणि ती ट्रकवरून कोइमतूरला न्यावी. मिस्त्रींनीं लिहून दिलेला अंदाजाचा कागद स्नेह्यांनीं अजून जपून ठेविला आहे.