न वाजवणारा

शाळेच्या बँडपथकाचा नवा ड्रम मेजर दिसला की उपदेशाला सगळे टपलेलेच. छाती काढ, मान ताठ, काठी पडू देऊ नकोस! आमचाही एक घे. बाबा रे, पथकात न वाजवणारा तू एकटाच आणि टाळ्या मात्र आधी तुला. ह्याला न्याय म्हणावं का?

म्हणावं, पण अटीवर. क्विक मार्चला मिनिटाला १२० पावलं, म्हणजे पावलाला अर्धा सेकंद. आवाज धावतो सेकंदाला सुमारे ३४० मीटर. तेव्हा ३४ मीटर मागच्या पोराच्या कानी ठोका पोचेपर्यंत सेकंदाचा दशांश उडालेला! नुसतं ऐकून चालले तर पथकाचे दोन तुकडे पडतील. म्हणून सगळे स्वतःच्या कानापेक्षा तुझ्या काठीवर भरवसा ठेवतात. एवढी उधारी डोक्यावर असताना ती गरगर फिरवून भाव खायचा नसतो.

शिवाय चालताना मागं वळून बघायचं नाही. (पुढाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही!) म्हणून निघण्यापूर्वीच बघून ठेव, शेवटच्या रांगेत पाचवीतला ड्रमवाला आहे. सैन्यातलं तीस इंची पाऊल तुझ्या टांगांना जमेल, त्याला धावावं लागेल. पाऊल त्याच्या मापाचं टाक. टाळ्या मग खुशाल घे.