हरणाऱ्या संघालाही हंगाम हवा

धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारीसारख्या गावातल्या शाळेचा कबड्डीचा संघ तालुक्याच्या स्पर्धेसाठी परंड्याला जातो, तेव्हा त्याच्या वाट्याला बहुधा एकच सामना येतो. स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्या फेरीत तयारीच्या संघाशी गाठ पडली की तासाभरात पोरांचे वर्ष संपते. जिंकणारे मात्र तालुक्यावरून जिल्ह्याला, तिथून विभागाला, पुढे राज्याला जातात आणि प्रत्येक टप्प्यावर आणखी खेळतात. म्हणजे ज्यांना खेळ आधीच येतो त्यांना आणखी खेळायला मिळते. ज्यांना शिकायची सर्वांत जास्त गरज, ते सर्वांत आधी घरी. ही व्यवस्था खेळाडू निवडते, घडवत नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे (अंडाकृती चेंडू काखोटीला मारून पळण्याच्या त्यांच्या खेळाचे) मला म्हणूनच अप्रूप वाटते. तिथे वेळापत्रक आधी ठरते आणि हरला तरी संघ ते शेवटपर्यंत खेळतो. 1949 साली देशात अव्वल ठरलेल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाने 1956 च्या हंगामात 10 पैकी 8 सामने गमावले. त्यांतला ओक्लाहोमाविरुद्धचा पराभव 40-0 असा होता. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हाइझमन पुरस्कार याच हरलेल्या संघातल्या पॉल हॉर्नंगला मिळाला. पुढच्याच वर्षी नोत्र दामने ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर 7-0 असे हरवले आणि त्यांची सलग 47 विजयांची मालिका तोडली. आठ पराभवांनंतर संघ बरखास्त झाला नाही, प्रशिक्षक टेरी ब्रेनन यांनाही काढले नाही, म्हणून हा दिवस उगवला.

आपल्याकडे त्याच काळात काय चालले होते? मार्च 1949 मध्ये पुण्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मुंबई. मुंबईने 651 आणि 8 बाद 714 धावा केल्या. महाराष्ट्राने पहिल्या डावात 407 आणि चौथ्या डावात 604 धावा काढल्या, आणि तरीही 354 धावांनी सामना गमावला. चौथ्या डावात सहाशेवर धावा करणारा संघ दुबळा कसा म्हणावा? पण स्पर्धा बाद पद्धतीची होती, त्यामुळे महाराष्ट्राचा रणजी हंगाम तिथेच आटोपला. 1957-58 पासून रणजीत विभागवार साखळी सामने सुरू झाले आणि हरणाऱ्या राज्यालाही पुढचा सामना मिळू लागला. राज्याच्या संघाला जे सत्तर वर्षांपूर्वी मिळाले, ते खेड्यातल्या शाळेला अजून मिळालेले नाही.

कुस्तीगीर खाशाबा जाधवांची कहाणी आपण पदकापासून सांगतो. ती सुरू होते पराभवापासून. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी 1948 मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला. मातीत तयार झालेला मल्ल तिथे मॅटवर उतरला आणि सहावा आला. सहाव्या क्रमांकाच्या मल्लाला पुन्हा पाठवायला 1952 मध्ये पैसे कुठले? तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबा जपानच्या इशीकडून हरले, सोव्हिएत मल्लाकडूनही हरले आणि तरी कांस्यपदक घेऊन आले. त्या वेळच्या ऑलिम्पिक नियमांत एका पराभवाने मल्ल लगेच बाद होत नसे. दोषांक साचत जात आणि मर्यादा ओलांडली की तो बाहेर पडे. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक दोन पराभव पचवून आले आहे, हे आपल्या क्रीडाशिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगायला हवे.

हरणाऱ्या पोरांना आणखी हरायला लावून काय साधणार, त्यांचे मन खचेल, असे म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. मन खचते ते पुढचा सामनाच नसल्यामुळे. पहिल्या सामन्यात चढाईला गेलेल्या मुलाला कोपरारक्षकाने घोटा धरून पाडले, तर तो पाय कुठे टाकायचा हे दुसऱ्या सामन्यात शिकतो. तो दुसरा सामनाच त्याला मिळाला नाही, तर पडल्याची आठवण तेवढी उरते. पुढच्या वर्षी तो संघात नाव देत नाही. मुलींच्या बाबतीत तर त्या एका सामन्यानंतर घरचे पुन्हा पाठवतीलच याचीही खात्री नसते. आणि गुणवत्ता या जिल्ह्यात नाही असे कोणी म्हणू नये. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला खो-खो संघाने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. गाडीभाडे लागते, शिक्षकांचा वेळ जातो, पावसाळ्यात मैदान मिळत नाही. पण हिशेब मांडून पाहा. सोळा संघांच्या बाद स्पर्धेत 15 सामने होतात आणि आठ संघ एकेक सामना खेळून परततात. त्याच सोळा संघांचे चार गट केले, गटात साखळी आणि पुढे उपांत्य व अंतिम फेरी ठेवली, तर 27 सामने होतात. बारा सामने जास्त, पण कोणताही संघ किमान तीन सामने खेळतो. गट शेजारच्या गावांचे केले, तर गटातले सामने शाळांच्याच मैदानांवर होतील आणि मुलांना दर वेळी परंड्याला न्यावे लागणार नाही. कबड्डीला चुन्याच्या रेषा, शिट्टी आणि जाणता पंच एवढे पुरते.

जिल्हा क्रीडा अधिकारी, तालुक्याचे क्रीडा संयोजक आणि मुख्याध्यापक यांनी एकत्र बसून हे ठरवावे. सगळे खेळ नकोत, सगळे तालुकेही नकोत. येत्या हंगामात एका परंडा तालुक्यात, एका कबड्डीपासून सुरुवात करावी.