पांढरीची संहिता

मराठीत शेताच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती आणि चुलींची राख मिसळून झालेली ही माती म्हणजे गावाची अलिखित बखरच होय. यवतमाळ जिल्ह्यातील पाचखेड (ता. बाभुळगाव) येथे नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये अशीच एक पांढरी उकलली. लोहयुग, सातवाहनकाळ, मध्ययुग आणि निजामकाळ असे थर तेथे एकावर एक आढळले. सर्वांत जुनी वस्ती सुमारे ३००० वर्षांपूर्वीची ठरते.

या ज्ञानाला एक नैतिक किंमत आहे. पाठचिकित्सक हस्तलिखिताकडे पुन्हा वळू शकतो; उत्खनकाला खणलेल्या थराकडे परतता येत नाही. तो जे वाचतो ते वाचता वाचताच नाहीसे होते. मागे उरतात टिपणे आणि संग्रहालयात गेलेल्या वस्तू. संग्रहालयातील पुरातत्त्वज्ञ हा म्हणूनच केवळ राखणदार नसतो. मूळ संहिता हरपल्यानंतरचा तो संपादक असतो.

पण गावाचीही स्वतःची एक आठवण असते. पांढरीच्या टेकाडांविषयी उलथलेल्या नगरीच्या कथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगितल्या जातात. वस्तूखालच्या पट्टीवर काळ येतो, स्थळ येते. कथा बाहेरच राहते. हे वगळणे न्याय्य आहे काय?

येथे महानुभावांची एक रीत विचारात घेण्याजोगी आहे. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत गेल्यावर ते आठवणींतून पुन्हा सिद्ध झाले, असे परंपरा सांगते. त्या आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. भिन्न पाठ गाळून न टाकता ते ‘वासना’ म्हणून, सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदवले गेले.

दंतकथेला कार्बन-मापनाच्या पंक्तीला बसवणे ही शास्त्राशी प्रतारणा होईल, असा आक्षेप यावर येईल. तो दुर्लक्षणीय नाही. परंतु वासना नोंदवणे म्हणजे ती सत्य मानणे नव्हे. ती कोणाची, हे प्रामाणिकपणे सांगणे होय. मापन वस्तूचे वय सांगते, कथा वस्तूशी जडलेले नाते सांगते. दोहोंची सरमिसळ करणे हा जसा दोष, तसाच नात्याचा पुरावा पुसणे हाही दोषच.

नागपूरच्या १८६३ मधील मध्यवर्ती संग्रहालयाला लोकांनी ‘अजब बंगला’ म्हटले. त्या नावात कौतुक आहे, तसा दुरावाही आहे. आपल्याच पांढरीतले खापर काचेआड गेल्यावर ‘अजब’ वाटावे, यात केवळ पाहणाऱ्याचे अज्ञान नाही. संपादकाने गाळलेला पाठही आहे.